शिंगराच्या पाठीवर घाई कशासाठी? : हरणी, सुलतान आणि मैना

मन्याडकाठ

नमस्कार मंडळी. माळेगावच्या यात्रेत घोडा घेताना उंची किती पाहावी, असा प्रश्न इथे मागे कोणीतरी विचारला होता. उंची सोडा, आधी दात पाहा, असे मी त्याला दोन ओळींत उत्तर दिले आणि त्यावरून बराच वाद झाला. सवडीने सविस्तर लिहीन असे मी तेव्हा कबूल केले होते, म्हणून हा स्वतंत्र धागा काढते आहे. आठवणी पुष्कळ आहेत, पण त्यातल्या या मुद्द्याला धरून असलेल्याच इथे लिहिते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. आपल्या भागात चांगली शिंगरे वाया जातात त्याचे पहिले कारण म्हणजे त्यांच्या पाठीवर वेळेआधी पडलेले वजन, आणि ही घाई होते ती उंचीच्या आणि वरातीच्या हौसेपायी. रंग, भवरे, पांढरे पाय यांवर आपण तासन्‌तास बोलतो, पण वय कळावे म्हणून जनावराचे दात किती आले आहेत हे पाहायला तोंड उघडणारा माणूस बाजारात क्वचितच दिसतो.

मी कंधार तालुक्यातल्या एका गावात वाढले. आमचे आजोबा कंधार, लोहा, मुखेड या आठवडी बाजारांना कापड विकायला जात आणि त्यांचे गठ्ठे घोडीवर असत. एस. टी. गावात आली, पुढे घरात मोटारसायकल आली, तरी घोडी ठेवायची त्यांची सवय सुटली नाही. माझ्या लहानपणी ठाणावर होती ती हरणी. मेंढरे घेऊन आमच्या शिवारात उतरणाऱ्या एका धनगर कुटुंबाकडून आजोबांनी तिला घेतले होते. अंगाने कुमैत म्हणजे तांबूस, उंचीला जेमतेम पन्नास इंच, आणि मागचा एकच पाय पांढरा. जाणकारांच्या भाषेत अशा घोड्याला अर्जल म्हणतात आणि ते अशुभ लक्षण मानतात, म्हणूनच ती स्वस्तात मिळाली होती. आजोबा म्हणत, "त्या पायानं तिला चालायचं हाय, मला नाही." पुढे वीस वर्षे उलटून गेल्यावरही ती त्याच पायाने ठणठणीत चालत होती.

मला आजोबांनी तिच्या पाठीवर बसवले त्याच्या कितीतरी आधी तिच्या पायाशी बसवले. खांद्यापासून हात खाली सरकवत न्यायचा, गुडघ्याच्या खाली मागच्या बाजूला जी ताठ नस लागते ती दोन बोटांत हलकेच दाबायची, आणि घोडी आपले वजन उरलेल्या तीन पायांवर घेईपर्यंत वाट पाहायची. तिने पाय सैल सोडला की खूर वर घ्यायचा आणि टाचेकडून पुढे आकड्याने साफ करायचा. आमची जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात खुराच्या तळाशी मातीचा आणि खड्यांचा असा घट्ट गोळा बसतो की तो निघताना अखंड साच्यासारखा निघतो. मधल्या मऊ त्रिकोणी भागाला कुबट वास आला तर समजायचे की ठाण ओले राहिले आहे. हे काम मला वासावरून जमू लागले, तेव्हा कुठे पाठीवर घोंगडी टाकून मला वर चढवले गेले. रिकीब नाही, लगाम नाही. हातात फक्त अयाळ. लगाम फार उशिरा मिळाला, कारण तोल सांभाळायला लगामाला लटकणाऱ्या माणसाच्या हाताने घोड्याचे तोंड कायमचे बधिर होते, असे त्यांचे मत होते. पुढे शहरात शिकले तेव्हा तिथल्या उस्तादांनीही हेच सांगितले.

हरणीला जन्मतःच रवाल चाल होती. ज्यांनी ती अनुभवली नाही त्यांच्यासाठी सांगते : दुडकीत घोड्याचे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीने पडतात आणि स्वार उसळतो, रवाल चालीत चारही पाय एकामागून एक पडतात, त्यामुळे वेग दुडकीचा असूनही पाठ जवळजवळ हलत नाही. आजोबा त्या चालीत तंबाखू मळत असत.

आता सुलतानविषयी. आमच्या काकांनी तो माळेगावच्या यात्रेत घेतला. ज्यांनी ही यात्रा पाहिली नाही त्यांना कल्पना यावी म्हणून सांगते, की मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यातल्या या खंडोबाच्या ठिकाणी घोडे, गाढवे, उंट अशी नाना जनावरे येतात आणि परप्रांतातले व्यापारीही उतरतात. सुलतान मारवाडी रक्ताचा होता. कानांची टोके एकमेकांना टेकणारी, चारही पाय आणि कपाळ पांढरे म्हणून पंचकल्याणी, गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भवरा. व्यापाऱ्याने त्याला चढावर उभे केले होते, पुढचे पाय उंचावर आणि मागचे उतारावर, आणि मोरकी वर ओढून धरली होती. मानेच्या बुडाशी, जिथे अयाळ संपते तिथे, काठी लावून साठ इंच दाखवले गेले. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरला, इसार दिला गेला, आणि घरी येताना काकांच्या तोंडी सारखी उंचीच होती. आजोबांनी ठाणावर आल्यावर त्याचे तोंड उघडले. सगळे दुधाचे दात होते. म्हणजे अडीच वर्षेही पुरी झालेली नव्हती.

त्याच हिवाळ्यात त्याच्यावर खोगीर चढले. वरातीत नाचायला शिकवणारा एक माणूस येई आणि नांगरटीच्या ढेकळांत त्याला लहान वर्तुळात फिरवी. तोंडात काटेरी लगाम असे. (1965 च्या ओझ्याच्या जनावरांविषयीच्या नियमांनी असा लगाम वापरायला बंदी आहे, हे मला फार पुढे कळले, बाजारात तो आजही राजरोस टांगलेला दिसतो.) दोन पायांवर उभे राहायला शिकवले तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या. पुढची लग्नसराई संपेतो खोगिराचा पोटपट्टा, म्हणजे तंग, आवळताना तो मान वळवून चावायला येऊ लागला आणि सगळे म्हणाले की घोडा खोडकर निघाला. नंतर मागच्या गुडघ्यांना सूज राहू लागली, पाठ मध्यावर खोलगट दिसू लागली, आणि खुरपणीला आलेल्या बायकांनाही दिसावे इतका तो पाय ओढत चालू लागला. ऐन तारुण्यात, पाच वर्षांचा असताना, तो त्याच यात्रेत विकला गेला. घेणाऱ्यानेही उंचीच मोजली.

तो विकला जायच्या आधी, 2016 च्या उन्हाळ्यात, हरणीला पोटशूळ उठला. लातूरला रेल्वेने पाणी येत होते तो उन्हाळा. हिरवा चारा नावालाही नव्हता, कडबा जाड आणि करकरीत, आणि पाणी आम्ही सगळेच मोजून वापरत होतो. रात्री ती पुन्हापुन्हा कुशीकडे मान वळवून पाहू लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, मग बसली आणि लोळायला लागली. कुशीला कान लावला तर एरवी सतत चालणारी गुरगुर बंद होती. घोड्याला ओकारी होत नाही, आत जे अडकते ते खालच्या वाटेनेच निघावे लागते. त्यामुळे आम्ही आळीपाळीने तिला चालवत राहिलो आणि तालुक्याहून डॉक्टर येईपर्यंत तिला काहीही खायला दिले नाही. त्यांनी नाकातून नळी घालून तेलकट औषध थेट पोटात सोडले. उजाडताना लीद पडली. विशीतली घोडी एवढ्यातून उठली आणि दिवाळीला पुन्हा शेताला येऊ लागली, आणि तिच्या शेजारच्या ठाणावर पाच वर्षांचा सुलतान उभा राहू शकत नव्हता. मी अकरावीत होते. हा फरक मला तेव्हा डोळ्यांनी दिसला, त्याची कारणे पुढे समजली.

कॉलेजसाठी छत्रपती संभाजीनगरला गेले तेव्हा एका क्लबमध्ये रीतसर स्वारी शिकले. हेल्मेट, लांब दोरीवर घोडा फिरवणे, दुडकीच्या ठेक्यावर खोगिरातून उठणे-बसणे हे सगळे तिथले. सैन्यातून निवृत्त झालेले एक रिसालदार शिकवत. नवीन घोडा आला की ते कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा दाबत शेपटापर्यंत जात, आणि घोडा कुठे अंग चोरतो ते पाहत. उंची त्यांनी कधी विचारल्याचे मला आठवत नाही.

आता माझ्याकडे मैना आहे. तीही धनगरवाड्यातलीच, दूध तुटल्यावर आणलेली. चार कायमचे दात येईपर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षांची होईपर्यंत, मी तिच्या पाठीवर बसले नाही. गावात चेष्टा झाली. घोडी पाळली आहे की नणंद, असे विचारले गेले. त्या काळात तिला हाताने धरून रस्त्याने हिंडवले, ट्रॅक्टर, डीजे, उडणारी प्लास्टिकची पिशवी यांची ओळख करून दिली, मन्याड नदीच्या पाण्यातून चालवले, रिकामे खोगीर घालून शेतात नेले आणि मागून लांब लगाम धरून वळायला शिकवले. मग ज्या दिवशी मी प्रत्यक्ष वर बसले, त्या दिवशी तिने मान वळवून माझा बूट हुंगला आणि चालायला लागली. जाणकारांनी आणि विशेषतः माझ्या मताच्या विरुद्ध असलेल्यांनी जरूर लिहावे.

---

बालाघाटी

मी पशुवैद्यक आहे, शिक्षण परभणीचे. ताईंनी अनुभवातून जे लिहिले आहे त्याला शरीररचनेचा आधार आहे, तो थोडक्यात मांडतो.

हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात आणि त्या खालून वर या क्रमाने बंद होत जातात. खुराजवळची हाडे वर्षभरात पक्की होतात, पुढच्या गुडघ्याच्या वरची चकती साधारण दोन ते अडीच वर्षांत, आणि कण्याच्या मणक्यांच्या चकत्या सर्वांत शेवटी, पाच-सहा वर्षांच्या सुमारास. म्हणजे ज्या भागावर आपण बसतो तोच सर्वांत उशिरा तयार होतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : हा क्रम सगळ्या जातींत जवळपास सारखाच आहे. मोठ्या चणीचे शिंगरू लवकर उंच होते, म्हणून ते लवकर तयार झाले असे वाटते. पण साठ इंचांचे दोन वर्षांचे शिंगरू आतून तितकेच कच्चे असते.

दातांचा हिशेब सोपा आहे. मधले दोन कायमचे दात अडीच वर्षांनी येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीन वर्षांनी आणि कडेचे साडेचार वर्षांनी. पाच वर्षांत तोंड भरते. बाजारात हे पाहायला मिनिटभर लागते. मात्र दात पाहताना समोर उभे राहू नये, बाजूला उभे राहून ओठ वर करावा.

पोटशुळाबद्दल एक पुरवणी जोडतो. चालवणे योग्य आहे, पण थकेपर्यंत पळवू नये, आणि घरगुती उपाय म्हणून तोंडातून तेल ओतणे तर कटाक्षाने टाळावे. ते फुप्फुसात गेले तर पोटशुळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. उन्हाळ्यात मध्यम घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज लागते. कडबा कुट्टी करून, भिजवून दिला तर आतडे तुंबण्याचा धोका बराच कमी होतो.

---

वरातीचा_धनी

उदगीर भागात आमचे तीन पिढ्यांचे घोड्याचे काम आहे. ताईंचे लिखाण मनापासून वाचले, पण उत्तर देणे भाग आहे.

आपण लिहिता ते ज्याच्या घरी शेती आहे, पगार आहे, त्याला जमण्यासारखे आहे. आमचे पोट लग्नसराईवर आहे. एका घोड्याला हरभऱ्याचा भरडा, चोकर, कडबा, लसूणघास, नाल, औषध असा बाराही महिने खर्च असतो आणि मिळकत मोजक्या तिथींना असते. कोरोनाच्या काळात वराती बंद झाल्या तेव्हा आमच्या ओळखीच्या कितीतरी जणांनी घोडे मिळेल त्या भावाला दिले. दोन वर्षांचे शिंगरू घेऊन चार दातांपर्यंत फुकट खाऊ घालायचे, तर तेवढे भांडवल आम्ही कुठून आणावे? व्यापारी तयार घोड्याचे पैसे दुपटीने मागतो.

दुसरे असे की गिऱ्हाईकच उंची मागते. नवरदेव लहान घोड्यावर बसला तर फोटो बरा येत नाही असे म्हणतात. डीजे घोड्याच्या कानापासून दहा हातांवर लावतात आणि वर घोडा नाचवा म्हणतात. काटेरी लगाम मीही वापरत नाही, वडिलांनी कधी वापरू दिला नाही. पण सगळा दोष घोडेवाल्याच्या माथी मारू नये, इतकीच विनंती.

---

मन्याडकाठ

दादा, आपले म्हणणे रास्त आहे आणि दोष आपल्यासारख्यांच्या माथी मारण्याचा माझा हेतू नव्हता. खर्चाचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा तितका ठळक घेतला नाही, पण तो मला मान्य आहे. तरी एक हिशेब मांडून पाहावा असे सुचवते. आमचा सुलतान दोन वर्षांचा असताना कामाला लागला आणि पाच वर्षांचा असताना निकामी झाला. म्हणजे त्याने जेमतेम तीन लग्नसराया काढल्या. तोच घोडा चौथ्या वर्षी कामाला लागला असता तर पंधरा-सोळा वर्षांपर्यंत आरामात उभा राहिला असता. दोन वर्षांचा चारा वाचवायला गेलो आणि अख्खा घोडा गमावून बसलो.

शिवाय त्या दोन वर्षांत शिंगराने काहीच करू नये असे मी म्हणत नाही. वरातीत मोठ्या घोड्याशेजारी झूल घालून, हाताने धरून त्याला नुसते चालवता येईल. गर्दीची सवय होते आणि कोणाकोणाला जोडीची शोभाही आवडते.

---

शंकेखोर

दोन शंका आहेत. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर दोन वर्षांचे घोडे धावतात. त्यांच्यावर लाखो रुपये लावणारे मालक आणि त्यांचे डॉक्टर अडाणी आहेत असे समजावे काय? आणि दुसरे म्हणजे, पन्नास इंचांच्या दख्खनी घोडीचे गोडवे ठीक आहेत, पण आजचा सत्तर-ऐंशी किलोचा माणूस तिच्यावर बसला तर तो अत्याचार नाही का? लहान घोड्याची बाजू घेताना नेमके इथेच घोडे पेंड खाते.

---

बालाघाटी

दोन्ही शंका योग्य आहेत.

रेसच्या घोड्याबाबत : लहान वयात मोजका, सरळ रेषेतला, वेगाचा व्यायाम मिळाल्यास हाडे घट्ट होतात, असे संशोधन आहे आणि ते मी नाकारत नाही. पूर्ण वेळ खुंट्याला बांधलेले शिंगरू चार वर्षांचे झाले म्हणून त्याची हाडे आपोआप मजबूत होत नाहीत. पण रेसचा जॉकी पन्नास-पंचावन्न किलोच्या आसपास असतो, धावपट्टी निगराणीतली असते, आणि इतके करूनही तरुण घोड्यांच्या नळीच्या हाडाला दुखापती होतातच. नांगरटीत लहान वर्तुळे घेणे, दोन पायांवर उभे करणे आणि पाठीवर जड माणूस बसवणे या तिन्हींची त्याच्याशी तुलना होत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिकवलेल्या चाली सफाईने दाखवण्याच्या खेळाच्या) ग्रां प्री या सर्वांत वरच्या पातळीवर आठ वर्षांखालच्या घोड्याला प्रवेशच मिळत नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये भारताच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक मिळवले, त्याचे कौतुक आपण सर्वांनी केले. त्या खेळातल्या घोड्यांची तयारी किती वर्षे चालते, याकडेही पाहायला हवे.

वजनाबाबत सर्वसाधारण संकेत असा आहे की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावेत. अडीचशे किलोच्या घोडीसाठी हे पन्नास किलो होते. म्हणजे आपले म्हणणे बरोबर आहे : जड माणसाने अशा घोडीवर दिवसभर स्वारी करू नये. मात्र आखूड, रुंद कंबरेचे जनावर लांब पाठीच्या उंच जनावरापेक्षा वजन चांगले पेलते, हेही खरे. उंचीच्या काठीने यातले काहीच मोजले जात नाही.

---

मन्याडकाठ

शंकेखोर, माझे वजन बेचाळीस आहे, आणि खोगीर हलके आहे. आमच्या काकांना मैनेवर बसायची परवानगी नाही. ते अजून रागावलेले आहेत.

---

गोदातीर

नांदेडहून लिहितो आहे. लहान दख्खनी घोड्याचा विषय निघाला म्हणून थोडी भर घालतो. सदाशिवरावभाऊ 1760 मध्ये उदगीरची लढाई जिंकून परतूरहून उत्तरेकडे निघाले, म्हणजे पानिपताची वाट आपल्या मराठवाड्यातून सुरू झाली. त्याच्या आधी दीडशे वर्षे खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणाऱ्या मलिक अंबरने याच मुलुखात गनिमी स्वारांच्या बळावर मोगलांना जेरीस आणले होते. या फौजांत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःच्या घोड्यावर पोट असलेला शिलेदार त्याला जपून वापरत असणार, असा माझा अंदाज आहे. वरच्या वरातवाल्या दादांची अडचण वाचताना हेच मनात आले, कारण तेही एका अर्थी शिलेदारच आहेत.

ज्या भीमथडी म्हणजेच दख्खनी घोड्याचा आपण फक्त इतिहासात उल्लेख करत होतो, त्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. आज ही जनावरे मुख्यतः धनगरांच्या तांड्यांबरोबर बिऱ्हाड वाहताना दिसतात. ताईंची हरणी आणि मैना त्याच गोतावळ्यातल्या असाव्यात.

आमच्या नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याचे घोडे आहेत. दसऱ्याला आणि होळीला हल्लाबोल ही शिखांची मिरवणूक निघते तेव्हा ते सजवून नेले जातात. गर्दी, जयघोष, धावणारी माणसे आणि मध्ये शांतपणे चालणारे घोडे, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. जनावराला आदराने वाढवले तर गोंगाटातही ते बिथरत नाही, हे सांगायला मला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

---

लेकीची_माय

आम्ही बीडला राहतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला घोड्याने झपाटले आहे. यजमानांचा विरोध नाही, पण सासूबाईंना वाटते की मुलीच्या जातीला हे बरे नाही. ताई, तुम्हाला घरून किंवा गावातून त्रास झाला का? आणि सुरुवात कशी करावी? यात्रेत एखादे लहान शिंगरू घेऊन द्यावे, दोघी बरोबरच मोठ्या होतील, असा विचार आहे.

---

मन्याडकाठ

वहिनी, बोलणारे बोलले, आजोबांनी ऐकून घेतले नाही. त्यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

शिंगराचा विचार मात्र कृपा करून सोडून द्या. नवशिके लेकरू आणि नवशिके शिंगरू ही जोडी धोक्याची आहे, कारण घाबरण्याची वेळ आली की दोघेही एकदमच घाबरतात. तिला बारा-पंधरा वर्षांची, अनेक माणसे पाहिलेली, सुस्त म्हणावी इतकी शांत घोडी हवी. अशी घोडी यात्रेत शोभेची नसल्याने स्वस्तही मिळते. विकत घ्यायच्या आधी शक्य असेल तर जवळपास कोणाकडे घोडे असतील तिथे तिला वर्षभर फक्त खरारा करायला, खूर साफ करायला, तोबरा चढवायला पाठवा. लीद उचलूनही हौस टिकली तर पुढचा विचार करावा. हेल्मेट नीट बसणारे हवे, ते पहिल्या दिवसापासून हवे, आणि टाच असलेला बूट हवा, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. मुलीला आणि घोडीला दोघींनाही धनुर्वाताची लस दिलेली असावी.

---

बालाघाटी

लसीच्या सूचनेला दुजोरा देतो. धनुर्वात घोड्याला फार लवकर पकडतो आणि खिळा लागल्याची एवढीशी जखमही पुरते. यात्रेतून कोणतेही जनावर आणाल तर त्याला काही आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळे बांधा आणि शेंबा रोगासाठी रक्त तपासून घ्या. तो माणसालाही होतो, आणि लागण पक्की ठरली तर कायद्याने जनावर नष्ट करावे लागते. नाकातून एका बाजूने घट्ट स्राव येत असेल किंवा पायाच्या आतील बाजूला गाठींची माळ दिसत असेल तर भाव कितीही पाडून मिळो, हात लावू नये. पावसाळ्यानंतर अधूनमधून ताप, पायांना सूज आणि खाऊनही खंगत जाणे दिसले तर सर्रा हा आजार असू शकतो. गोमाश्यांमुळे तो पसरतो आणि त्यावर औषध आहे, पण ते वेळेत मिळायला हवे.

---

वरातीचा_धनी

ताई, आपण सांगितलेला हिशेब रात्री वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, आमच्या बापाच्या काळात सहा दाती झाल्याशिवाय वरातीला घोडा नेतच नव्हते, ही घाई डीजेबरोबर आली. आमच्याकडे सध्या एक शिंगरू आहे, दोन दात नुकतेच दिसू लागले आहेत. या सराईत त्याला झूल घालून मोठ्या घोड्यासोबत हाताने चालवून पाहतो. त्याला आताच नाल ठोकावेत का? आमचा जुना नालबंद वारला आणि त्याचा मुलगा संभाजीनगरला कंपनीत लागला आहे.

---

मन्याडकाठ

डांबरी रस्त्यावर रोज चालवणार नसाल तर शिंगराला नाल नको. खूर महिन्या-सव्वा महिन्याने तासून सपाट ठेवले म्हणजे झाले. वरातीचा रस्ता लांबचा असेल तर फक्त पुढच्या दोन पायांना हलके नाल पुरतात, आणि तेही सराई संपताच काढून टाकावेत, कारण वाढत्या खुराला जुना नाल आवळतो. माळेगावच्या यात्रेत नालबंद येतात. त्यांच्यापैकी दोघे-तिघे एरवीही बोलावले तर जाण्यायेण्याचा खर्च घेऊन गावोगाव फिरतात, आणि आम्ही आसपासच्या सात-आठ घोड्यांचे मालक मिळून एकाच दिवशी बोलावतो, म्हणजे तो खर्च वाटला जातो. उदगीर, मुखेड आणि कंधार अशी फेरी ठरवता आली तर आपलेही जनावर त्यात घेता येईल. इथल्या निरोपपेटीत आपले गाव कळवा, पुढच्या फेरीची तारीख मी विचारून ठेवते.